आधी अंदाज लिहून घ्या, मग प्रयोग दाखवा: विज्ञान-तंत्रज्ञान समजेल असं कसं शिकवायचं

सातवीच्या वर्गात एकदा मी प्रत्येक जोडीला एक सेल, टॉर्चमधला एक छोटा बल्ब आणि वायरचा एक, फक्त एकच तुकडा दिला आणि म्हटलं पेटवून दाखवा. होल्डर नाही, स्विच नाही. परिपथाची व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ होती, दोघा-तिघांनी तर सर्किटचे ते ॲनिमेशनवाले व्हिडिओपण बघितले होते ज्यात वायरमधून पिवळे ठिपके पळतात, आणि तरी पहिली दहा मिनिटं एकाही जोडीचा बल्ब पेटला नाही. जवळजवळ सगळ्यांनी एकच केलं, वायरचं एक टोक सेलच्या टोपीला, दुसरं बल्बच्या बुडाला, झालं. नळाला पाइप लावल्यासारखं. एक मुलगी म्हणाली, "सर, एक वायर कमी दिलीये तुम्ही." मी म्हटलं नाही गं, एवढ्यात होतं. मग ती बराच वेळ बल्ब हातात फिरवत बसली, बुडाचा तो चकचकीत ठिपका, कडेचा धातूचा घेर, दोघांच्या मधला काळा भाग. शेवटी तिने बल्ब सेलच्या टोपीवर उभा धरला, वायर सेलच्या बुडापासून वळवून आणली आणि घेराला टेकवली. पेटला. आणि लगेच म्हणाली, "म्हणजे करंट बल्बच्या आत एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो?"

हे वाक्य तिच्या वहीत महिनाभर आधीच उतरवलेलं होतं.

तेव्हापासून मी शिकवायची रीत बदलली. आज माहिती हवी तेवढी मिळते, फोन उघडला की कुठल्याही धड्याचे दहा व्हिडिओ समोर येतात, चॅटबॉटला विचारलं तर तो आपल्यापेक्षा सुबक शब्दांत समजावतो. त्यामुळे शिक्षकाने फळ्यावर माहिती लिहून देण्यात आता फारसं काही उरलेलं नाही. पोराच्या डोक्यात आधीपासून काय बसलंय ते बाहेर काढणं आणि त्याला खऱ्या वस्तूसमोर उभं करणं, हे काम मात्र फोन आपणहून करत नाही. ते कसं करायचं ते माझ्या अनुभवातून सांगतो. शाळेत शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या आईबाबांनाही.

अंदाज लेखी घ्यायचा, पेनाने

कुठलाही प्रयोग दाखवण्याआधी प्रश्न असा विचारा: आता काय होईल? आणि का? प्रत्येकाने आपापल्या कागदावर उत्तर लिहायचं, पेनाने, खोडायचं नाही, आणि असं का वाटतं तेही एका ओळीत तरी लिहायचंच. तोंडी विचारलं तर वर्गातले तेच चार हात वर होतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात, आणि प्रयोग झाल्यावर सगळेच म्हणतात मला हेच वाटलं होतं. कागदावर असलं की तसं म्हणता येत नाही. मार्क द्यायचे नाहीत, चुकीच्या अंदाजाला हसायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर मुलं शेजाऱ्याचं बघून लिहायला लागतात आणि सगळा खेळ तिथेच संपतो.

मग हात वर करून मोजा, कुठल्या उत्तराला किती मतं. फळ्यावर आकडे लिहा. बरोबर कोण ते अजिबात सांगू नका, चेहऱ्यावरूनपण कळू देऊ नका (हे वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे, मला जमायला वर्ष लागलं). आता शेजारी शेजारी वेगळं उत्तर असलेल्यांना तीन-चार मिनिटं वाद घालू द्या. पुन्हा मतं घ्या. मग प्रयोग करा.

हे मी शोधलेलं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात याच वळणाची पद्धत मोठमोठ्या वर्गांमध्ये रुजवली. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवायची, पण बलाबद्दलचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले तेव्हा गडबडली, आणि एकाने तर विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला एरवी जसं वाटतं तसं. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यात ही दोन उत्तरं शेजारी शेजारी राहत असतात आणि परीक्षेत आपण पहिलंच तपासतो. पुढे १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी भौतिकशास्त्राच्या ६२ कोर्समधल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के कमावलं आणि मुलं बोलतात-करतात अशा वर्गांनी ४८ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त.

प्रश्न कुठला निवडायचा

सगळी मेहनत इथे घ्या. चांगला प्रश्न तो, ज्यात वर्ग फुटतो. सगळ्यांचं उत्तर बरोबर येत असेल तर सोडून द्या, पुढे चला.

माझा लाडका प्रश्न त्याच बल्बचा. दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडायचे, एकाच वाटेवर. कुठला जास्त उजेड देईल? अर्ध्याहून जास्त पोरं लिहितात पहिला, कारण "करंट आधी तिथे पोचतो आणि थोडा वापरला जातो." काहीजण याहून हुशारीने लिहितात की पहिला बल्ब लगेच लागेल आणि दुसरा किंचित उशिरा. दोन्ही बल्ब सारखेच लागतात. मग सेल उलटा करा म्हणजे पहिला दुसरा होतो, तरी सारखेच. मग मल्टीमीटर असेल तर करंट बल्बच्या आधी मोजा आणि नंतर मोजा, आकडा तोच. आता विचारा, करंट संपत नसेल तर सेल का संपतो? इथे वर्ग दहा-पंधरा मिनिटं तरी भांडला पाहिजे. ऊर्जा हा शब्द तुम्ही उच्चारायच्या आधी मुलांना त्याची गरज भासली पाहिजे, की वायरमधून फिरणारी गोष्ट एक आणि बल्बमध्ये खर्च होणारी गोष्ट वेगळी, तर तिला काहीतरी नाव हवं. नाव शेवटी द्यायचं. आपण नेमकं उलटं करतो, व्याख्या आधी देतो आणि मग ती लागू पडेल असं उदाहरण शोधत बसतो.

सामानाबद्दल दोन गोष्टी. साधा दीड व्होल्टचा सेल घ्या आणि तारेचा जुन्या धाटणीचा बल्ब घ्या, पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात आणि ती उलटी जोडली तर लागतच नाही, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. आणि सेलची दोन टोकं नुसत्या वायरने जोडून ठेवू देऊ नका, वायर चांगली तापते. फोनमधली किंवा पॉवर बँकमधली लिथियम बॅटरी तर या कामाला हातच लावायची नाही, शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते.

अजून काही प्रश्न जे कायम चालतात: काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फ तरंगतोय, वितळल्यावर पाणी सांडेल का? (नाही, तरंगणारा बर्फ स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो आणि वितळून बरोबर तेवढंच पाणी होतो.) एक सपाट कागद आणि त्याच मापाचा दुसरा चुरगाळलेला, वरून सोडले तर? कागदाचं झालं की मग अपोलो १५ ची क्लिप लावा, २ ऑगस्ट १९७१ ला डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं ती. पण क्लिपसुद्धा सोडायच्या क्षणाला थांबवा, अंदाज लिहून घ्या आणि मगच पुढे जाऊ द्या. कुठलाही व्हिडिओ वर्गात असाच वापरावा असं माझं मत आहे. सलग लावलेला व्हिडिओ बघून मुलांना "समजल्यासारखं" वाटतं आणि तेच सगळ्यात धोक्याचं.

चुकीची कल्पना पुसायची घाई नको

ऋतू का होतात? पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा, हे उत्तर तुम्हाला चौथीपासून कॉलेजपर्यंत मिळेल, मोठ्या माणसांकडूनही मिळेल. इथे लगेच "चूक, अक्ष कललेला असतो" म्हणून मोकळं होऊ नका. मूल ते वाक्य घेतं आणि जुन्या कल्पनेच्या वर चिकटवून टाकतं, की कललेला आहे म्हणून आपली बाजू सूर्याच्या जवळ येते! मी हे उत्तर खूप वेळा वाचलंय.

त्यापेक्षा मुलाच्या कल्पनेला खरं मानून पुढे चाला. बरं, अंतरामुळे होतं ना, मग अख्ख्या पृथ्वीवर एकदमच उन्हाळा यायला हवा. येतो का? ऑस्ट्रेलियात डिसेंबरमध्ये काय असतं ते शोधा. मग अंतराचे आकडे शोधायला सांगा, जानेवारीच्या सुरुवातीला साधारण १४.७ कोटी किलोमीटर आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. म्हणजे सगळ्यात जवळ आपण जानेवारीत असतो! उत्तर गोलार्धातल्या मुलांचे चेहरे या आकड्यावर बघण्यासारखे होतात. आता टॉर्च घ्या, आलेख कागद घ्या, सरळ वरून प्रकाश पाडा आणि किती चौकोन उजळले ते मोजा, मग टॉर्च तेवढ्याच अंतरावर ठेवून तिरकी करा आणि पुन्हा मोजा. तोच प्रकाश जास्त चौकोनांत वाटला गेला, म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला कमी आला. हे हाताने मोजल्यावर २३.४ अंशाचा कल सांगा, दिवस लहान-मोठा होतो तेही याच्यात जोडा. आता तो आकडा कशाला तरी जाऊन चिकटतो.

तसंच झाडाचं. मोठ्या झाडाचं एवढं लाकूड कुठून आलं? उत्तर येतं मातीतून. यान बाप्टिस्ट वान हेल्मोंट या माणसाने सतराव्या शतकात हेच तपासलं, २०० पौंड कोरडी माती कुंडीत घेतली, ५ पौंडाचं विलो नावाच्या झाडाचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं साधारण १६९ पौंडांचं आणि माती कमी झाली जेमतेम दोन औंस (१६ औंसांचा एक पौंड). मुलांना इथे थांबवा आणि निष्कर्ष लिहायला सांगा. बहुतेक लिहितात, पाण्यापासून झालं. वान हेल्मोंटनेही तेच लिहिलं, १६४८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते छापून आलं, आणि ते पूर्ण बरोबर नव्हतं! लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. आणि खरी चुटपुट लावणारी गोष्ट ही की गॅस हा शब्दच या माणसाने आणला, कोळसा जळताना निघणारा वायू त्याला माहीत होता, पण तोच वायू झाड खातं हे काही त्याला जोडता आलं नाही. मोजमाप चोख असूनही निष्कर्ष हुकू शकतो, कारण हवा त्याने हिशोबात धरलीच नव्हती. वैज्ञानिक पद्धतीच्या पाच पायऱ्या पाठ करून घेण्यापेक्षा ही एक गोष्ट नीट सांगावी, मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

तंत्रज्ञान म्हणजे ॲप चालवणं इतकंच नाही

मुलं फोन आपल्यापेक्षा भराभर चालवतात म्हणून त्यांना तंत्रज्ञान कळतं असं समजू नका. आत काय चाललंय ते विचारा.

सोपी सुरुवात: स्क्रीन पूर्ण पांढरी करा आणि बोटाच्या टोकाने पाण्याचा अगदी बारीक थेंब तिच्यावर ठेवा, टाचणीच्या डोक्याएवढा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसायला लागतात. आता विचारा, पिवळं चित्र लावलं तर थेंबातून कुठला रंग दिसेल? लिहा. मग बघा, पिवळा ठिपका सापडतच नाही, लाल आणि हिरवे दोनच लागलेले असतात. स्क्रीनमधून पिवळा प्रकाश येतच नाही तर आपल्याला पिवळं दिसलं कुठे? या प्रश्नावरून डोळ्याच्या धड्यात आपोआप जाता येतं.

दुसरं, नकाशावरचा निळा ठिपका. तो इंटरनेटवरून येतो असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि मैदानात चालत जा. बहुतेक फोनमध्ये ठिपका तरीही सरकतो. का? फोन फक्त ऐकतोय. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत "आत्ता इतके वाजले" असं सांगत असतात, तो आवाज, म्हणजे रेडिओ लहर, सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्यात खाली पोचते, आणि उशीर किती झाला त्यावरून अंतर निघतं. मैदानावर हे करून बघा, तीन मुलं तीन ठिकाणी उभी करा, प्रत्येकाच्या हातात ठराविक लांबीची दोरी, तिन्ही दोऱ्यांची टोकं जिथे एकत्र येतात तिथे "फोन". मग विचारा, घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तर? प्रकाश तेवढ्यात ३०० मीटर जातो, म्हणजे जागा तेवढी चुकणार. फोनचं घड्याळ काही इतकं अचूक नसतं, म्हणून चौथा उपग्रह लागतो. वरच्या वर्गाला हेही सांगा की आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार त्या उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते दुरुस्त करावं लागतं. पुस्तकातला आइनस्टाइन रोज खिशात असतो हे ऐकून एरवी गप्प बसणारी मुलंसुद्धा प्रश्न विचारतात.

कॉम्प्युटर असेल तर पिंग करून बघा, म्हणजे एखाद्या साइटला छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एखाद्या साइटला पिंग केलं आणि उत्तर ५ मिलिसेकंदांत परत आलं. इंटरनेटच्या फायबरमध्ये, म्हणजे काचेच्या तारेत, प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, जाऊन-येऊन ५ म्हणजे एका बाजूचे अडीच, म्हणजे तो सर्व्हर ५०० किलोमीटरच्या आतच असणार. पण कंपनी तर समुद्रापलीकडची! मग हे उत्तर दिलं कोणी? जवळपास कुठेतरी त्या साइटची प्रत ठेवलेली आहे हे मुलांनी गणिताने शोधून काढलं की त्यांना जो आनंद होतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

चॅटबॉट आणि इंटरनेट वर्गात कसे घ्यायचे

बंदी घालून काही होत नाही. क्रम सांभाळा. आधी मुलाने स्वतःचं लिहायचं, मग विचारायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायचे, आणि त्यातला एक तरी फरक हाताने तपासायचा. नुसतं छान उत्तर वाचलं की आपल्याला कळलं असा भास होतो. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील या येलच्या संशोधकांनी लोकांना विचारलं की चेन म्हणजे झिप, फ्लश, कुलूप यांचं काम तुम्हाला किती कळतं, ७ पैकी आकडा द्या. मग म्हणाले, आता पायरीपायरीने लिहून द्या. लिहायला बसल्यावर लोकांनी स्वतःचेच आकडे खाली आणले. हा प्रयोग वर्गात जसाच्या तसा करा, दप्तराची झिप समोर आहेच. चॅटबॉटचं उत्तर वाचल्यावरही हेच करायचं, स्क्रीन बंद करा आणि आता तुझ्या शब्दांत, चित्र काढून, सांग.

माहिती खरी का खोटी हे बघताना मुलं ते पानच खालपर्यंत वाचत बसतात. पेशाने तथ्य तपासणारे लोक तसं करत नाहीत, ते लगेच नवीन टॅब उघडून बाकीचे त्या साइटबद्दल काय म्हणतात ते बघतात. ही सवय दहा मिनिटांत शिकवता येते.

कळलंय का ते बघायचं कसं

व्याख्या विचारू नका, परिस्थिती बदला. दोन बल्ब शिकवले असतील तर विचारा, तीन लावले आणि मधला काढला तर? आठवडाभराने जुनाच प्रश्न पुस्तक न उघडता पुन्हा लिहायला लावा, कारण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याने जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने आठवून लिहिणारे.

पोर्शन कसा पुरा होणार हा प्रश्न येणारच, मलाही येतो. मी प्रत्येक धड्यात एकच प्रश्न असा खोल घेतो, बाकीचा भाग मुलांनी घरी वाचून यायचा आणि वर्गात फक्त अडलेलं विचारायचं. सुरुवातीला मागे पडल्यासारखं होतं. पण पुढच्या धड्यांत तेच तेच पुन्हा समजवावं लागत नाही आणि वेळ भरून निघतो.

आणि ते अंदाजाचे कागद फेकू नका. मी नावानिशी फाइल करून ठेवतो आणि वर्षाच्या शेवटच्या तासाला ज्याचे त्याला परत देतो. त्या तासाला मी काही शिकवत नाही. मुलं आपलंच जुनं अक्षर वाचतात, एकमेकांना दाखवतात, आणि मागच्या वर्षी त्या बल्बवाल्या मुलीने आपला कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर न सांगता तोच प्रश्न पुन्हा सोडवला, दोन्ही बल्बचं चित्र काढलं, बाण दाखवले, आणि खाली लिहिलं, "सर, सेल संपतो म्हणजे त्याच्या आत नक्की काय संपतं?"